शून्य पावसाचा सोमवार

माझा जीव एका जागी राहत नाही, ही घरातली जुनी तक्रार आहे. पावसाळ्यात तर मी उजव्या हाताने घास घेते आणि डाव्या हाताने मोबाईल चाळते. सासूबाई म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. नवरा त्यापुढे जातो. जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या घराच्या गच्चीला त्याने 'हिची वेधशाळा' असं नाव ठेवलंय, कारण उत्तरेकडे ढग दिसला की मी तव्यावरची पोळी तशीच सोडून वर पळते. पोळी करपते. ढग बहुतेक वेळा मध्य प्रदेशात निघून जातो.

पण माझं कामच असं आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत पाऊस मोजणारी आणि पुलाखाली पाण्याची पातळी मोजणारी जी यंत्रं बसवली आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. वर डोंगरात किती पडला, नदी किती चढली, खालच्या गावाला ते पाणी कधी पोचेल, याचा अंदाज बांधायचा आणि वेळेत सांगायचं. ओळखपत्रावर माझ्या नावाखाली 'शास्त्रज्ञ' असं छापलंय. खरं सांगायचं तर यातलं अर्धं शास्त्र म्हणजे लोकांनी यंत्रावर काय काय ठेवलंय ते उतरवणं. धुळ्याच्या बाजूला एका गावात आमच्या सोलर पॅनलवर मी कुरडया वाळत घातलेल्या पाहिल्या आहेत. मी चिडले तर ती बाई म्हणाली, "ताई, सरकारना पत्रा कितला साफ शे, आनि ऊन बी चांगलं लागस." तिचंही बरोबर होतं. कुरडया गोळा व्हायची वाट पाहत मी तिथे चहा घेतला आणि दोन कुरडया कच्च्याच खाल्ल्या.

माझं माहेर चोपड्याच्या बाजूला, सातपुड्यातून उतरणाऱ्या एका नदीच्या काठावर. नदी म्हणायचं, पण वर्षातले बहुतेक महिने तिच्यात गोटे आणि बाया धुणं धुतात ती डबकी, एवढंच. पावसाळ्यात मात्र तिचा भरवसा नसतो. गावात लख्ख ऊन पडलेलं असतं आणि वर डोंगरात झालेल्या पावसाचं पाणी तासाभरात लाल होऊन येतं. ज्याला ते येताना दिसतं त्याला पळायला फार वेळ मिळत नाही. त्याच नदीवर वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, माझ्या मामाचं गाव. म्हणजे आईचं माहेर वर आणि सासर खाली, एकाच पाण्यावर. पूर्वी वर जोराचा पाऊस झाला की मामा बहिणीला फोन करायचा. आई ओट्यावर येऊन ओरडायची आणि आमची आळी जागी व्हायची.

मागच्या वर्षी मी उपग्रहाची चित्रं पाहून गावाला इशारा दिला होता. सातपुड्यावर एवढे काळे ढग होते की कोणीही दिला असता. नदीकाठच्या लोकांनी म्हशी सोडल्या, पोथी-पुस्तकं, धान्य, गाद्या शाळेत नेऊन ठेवल्या, आणि ढग बरसला तो डोंगराच्या पलीकडे. नदीला घोट्याएवढंही पाणी आलं नाही. तेव्हापासून मी माहेरी गेले की कोणी ना कोणी विचारतंच, "काय वं, आज छत्री ली जाऊ का ठेवू?" हसण्यावारी न्यायचं म्हणून मी नेत होते, पण मनातून मला ते लागायचं. चेष्टा होण्याचं दुःख नव्हतं. पुढच्या वेळी खरंच पाणी येईल आणि ही माणसं हसत बसतील, ही भीती होती.

म्हणून यंदा आषाढात मी हट्टाने वरच्या गावी पाऊसमापक बसवून घेतला. जागा मामाच्या शेतातली निवडली. केळीच्या बागेपासून मोकळं, आजूबाजूला झाड नाही, आणि राखण घरची. यंत्र तसं साधं असतं. वर नरसाळं, आत दोन बाजूंना झुलणारी लहानशी पळी. पाणी भरलं की पळी कलंडते, आणि ती किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस कळतो. तो आकडा थोड्या थोड्या वेळाने आमच्या कार्यालयात येतो आणि आपोआप खालच्या गावाच्या मोबाईल ग्रुपवरही जातो. बसवायच्या दिवशी मामाने कामगारांना पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि यंत्राला हळदकुंकू लावलं. मी म्हणाले, "मामा, याला जप हं. माय आणि सगळं गाव याच्या भरवशावर आहे." मामा म्हणाला, "तू काळजी करू नको, बेटा. पोरना मायक जपसू." म्हणजे पोरासारखं.

गावालाही मी जाऊन ठासून सांगितलं. आता ढगावर बोलणार नाही, आकड्यावर बोलेन. अफवेवर जाऊ नका, आकडा पाहा आणि मगच नदीवर जा. लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर पावसाने ओढ दिली. ग्रुपवर कधी दोन, कधी तीन मिलिमीटर असे आकडे यायचे. आई रोज सकाळी धुणं न्यायच्या आधी वहिनीला ग्रुप बघायला लावायची.

श्रावणात आमच्या भागातली देवी, कानबाई, बसते. आमच्याकडे रविवारी कानबाईची स्थापना होते, सारे भाऊबंद एका घरी जमतात, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत बाया तिला नदीवर नेतात. यंदा माहेरी आमच्या घरी मान होता. आईने महिनाभर आधीपासून मला बजावून ठेवलं होतं. पण शनिवारपासून सातपुड्यावर ढग साचायला लागले, आणि कार्यालयातली सुट्टी मी स्वतःच रद्द करून घेतली. आई फोनवर फक्त "बरं" म्हणाली. आमच्या घरात 'बरं' हा रागाचा सगळ्यात वरचा सूर आहे.

सोमवारी सकाळी मी जळगावच्या कार्यालयात पडद्यासमोर बसले होते. बसले होते हेही खोटंच, येरझाऱ्या घालत होते. आजूबाजूची सगळी यंत्रं पाऊस दाखवत होती. यावलच्या बाजूला जोरात, पलीकडे शिरपूरच्या बाजूला त्याहून जोरात. मधोमध मामाच्या शेतातलं यंत्र म्हणत होतं, शून्य. रविवार संध्याकाळपासून शून्य.

यंत्र मेलेलं असतं तर माझी चिंता सोपी झाली असती. मेलेलं यंत्र गप्प बसतं. हे बोलत होतं. बॅटरी भरलेली, सिग्नल वेळच्या वेळी, तब्येत उत्तम, आणि ठणठणीत आवाजात शून्य. डोंगरातला पाऊस असतो लहरी, एका शेतात पडतो आणि दुसऱ्यात नाही, हे मीच नव्या मुलांना शिकवते. तरी उठून साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "पडत नसेल." मी म्हणाले, "दोन्ही शेजारी भिजतायत आणि हा कोरडा?" ते म्हणाले, "मागच्या वर्षीसारखं नको व्हायला." ते चांगले गृहस्थ आहेत, टोमणा मारत नव्हते. मला मात्र तो टोमण्यासारखाच लागला.

मामाला फोन लावत राहिले. लागेना, लागला तर उचलेना. त्यांच्याकडेही कानबाई, ढोलापुढे कोणाला ऐकू जाणार! शेवटी त्याने उचलला. मागे पत्र्यावर एवढा आवाज होता की मला कळायचं ते तिथेच कळलं.

"मामा, पानी पडी राह्यनं का तठे?"

"पडी राह्यनं का? बठ्ठी रात धो धो पडी राह्यनं! आमनी कानबाई घरमाच शे. पानी थांबनं का नेसूत."

"आणि यंत्र? यंत्राला काय झालं?"

"यंत्र एकदम झकास शे," मामा अभिमानाने म्हणाला. "काल सांजले वारा सुटना, आभाळ उनं. म्हनलं, एवढं भारी यंत्र वल्लं व्हई जाई. मी त्याले घडनी पिशवी चढाई दिन्ही. खाले सुतळीवरी पक्की बांधी दिन्ही. एक थेंब जावाव नही."

केळीचा घड लागला की त्यावर डाग पडू नये, किडा लागू नये म्हणून आमच्याकडे त्याला प्लास्टिकची लांब पिशवी चढवतात. घराघरात या पिशव्यांचे गठ्ठे असतात. शेतातली सगळ्यात जपायची वस्तू त्या पिशवीत जाते. मामाने माझं यंत्रही तिथेच घातलं होतं.

मी त्याला काय बोलले ते मला आठवत नाही. ओरडले असणार, कारण साहेब खुर्चीतून उठून आले. मी विचारलं, एवढा पाऊस पडतोय तर मायला फोन का नाही केला? दरवर्षी करतोस ना? मामा गोंधळून म्हणाला, "पहिले करू ना मी. आते तुनं यंत्र शे. ते सांगीच ना तुले." मग "थांब, काढी टाकस" असं काहीतरी म्हणाला आणि फोन कट झाला. नेमकी तेव्हाच त्या गावाची रेंज गेली. आता पिशवी निघाली तरी आकडा येणार नव्हता. खालच्या गावाच्या ग्रुपवर शेवटचा आलेला आकडा तसाच उभा होता, शून्य.

साहेबांना मी सांगितलं, वर रात्रभर पाऊस झालाय, तहानलेल्या जमिनीने इतका वेळ जिरवला, आता नदीला पाणी सुटलंच असणार. ते म्हणाले, "आधार काय लिहू?" मी म्हणाले, "माझा मामा." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि फोन उचलून तहसीलला सांगायला लागले. "हो, वाचन आलंय. माणसाकडून आलंय. तुम्ही लोक काढा." तोवर मी वहिनीला फोन लावला होता.

वहिनीने उचलला तेव्हा ती मिरवणुकीतच होती, व्हिडिओ काढत. ढोल, फुगड्या, गाणी. कानबाई आईच्या डोक्यावर होती. बाया नदीच्या उताराला लागल्या होत्या. मी म्हणाले, फोन आईच्या कानाला लाव. आईचा आवाज आला, धाप लागलेला आणि खूश. "उनी का वं तू?" तिला वाटलं, मी आलेच.

"माय, मागे फिर. पाणी येतंय. नदीत उतरू नका."

गाणं चालूच होतं. आईच्या शेजारून आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा आवाज आला. त्यांनी मोबाईल काढून पाहिला असणार. "शून्य शे," ते म्हणाले. "तिनाच यंत्रनी सांगेल शे. आठे तं ऊन पडेल शे. चाला, चाला, मुहूर्त टळी जाई." कोणीतरी म्हणालं, "छत्री ली जाऊ का, इचारा तिले." बाया हसल्या. मला ते हसू जळगावात बसून ऐकू आलं.

"माय, यंत्र खोटं बोलतंय," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे वाक्य कधी निघेल असं मला वाटलं नव्हतं. "मामाशी बोलले मी. वर रात्रभर पडतोय."

"भाऊ बोलना तुनासंगे?"

"हो. आत्ता."

आई मग म्हणाली, "पन कानबाई वाटमा खाले ठेवतस का कोनी?"

आमच्याकडे ती एकदा उचलली की नदीवर पोचेपर्यंत जमिनीला टेकवत नाहीत. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी विसरून गेले होते. मी म्हणाले, "ठेवू नको. वर शाळेच्या चढावर जा आणि तिथे नाच. पाय थांबवू नको, पण नदीकडे जाऊ नको." आईने कोणाला तरी दटावलं, आणि फोनमधला ढोल हळूहळू दुसऱ्या दिशेला चालू लागला. आबा म्हणत होते, "पोरीनं याड लायी दिन्हं."

नंतरचा वेळ मी खुर्चीत बसू शकले नाही. वहिनीला फोन चालू ठेवायला सांगितलं होतं. चढावर बाया गात होत्या. आईची मान दुखायला लागली तेव्हा कानबाई काकूच्या डोक्यावर गेली, मग वहिनीच्या जावेच्या, मग आणखी कोणाच्या. डोक्यावरून डोक्यावर, जमिनीला न टेकता. ऊन चढत होतं आणि पाणी येत नव्हतं. गाणी संपत आली. पुरुष कुरकुरत होते. मी इकडे देवाला काय मागावं या पेचात पडले होते. पाणी येऊ नये असं मागावं तर गाव पुन्हा माझं कधी ऐकणार नाही. यावं असं कोण मागतं! मला स्वतःची लाज वाटली आणि तरी मी पडद्याकडे बघत उभी होते.

मग फोनमधला ढोल थांबला. एकदम नाही, एक जण थांबला, मग दुसरा. गाण्याचा आवाज तुटला. त्या शांततेत मला एक घरघर ऐकू आली, जात्यासारखी, आणि वहिनी म्हणाली, "उनं वं माय."

पाणी लाकडं घेऊन आलं. बाया जिथे धुणं धुतात ते गोटे आणि जिथे कानबाई पाण्यात उतरवायची ती जागा, सगळं एका दमात गेलं. नदीत कोणी नव्हतं. म्हशीही आबांनी ऐनवेळी वर घेतल्या होत्या, कुरकुरत का होईना. दुपारी पूर ओसरल्यावर बायांनी काठावरूनच कानबाई बोळवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. मला वाटलं कौतुक करेल. ती म्हणाली, "तुना मामाले काही बोलू नको."

मी बोलले नाही, पण सगळं गाव बोललं होतं. चार-पाच दिवसांनी यंत्र तपासायला गेले तेव्हा मामा मला घ्यायला रस्त्यापर्यंत आला नाही. तो बागेत होता, एका घडाची पिशवी उगाच सारखी करत. मामीने सांगितलं की जेवण कमी झालंय. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "मनीच बहीण व्हती ना वं तठे." आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याच्यावर रागावूही शकत नव्हते आणि काही झालं नाही असंही म्हणू शकत नव्हते. मी म्हणाले, "मामा, चल, तुला दाखवते."

तपासणी करताना यंत्राला तसं सांगून ठेवावं लागतं, म्हणजे तो आकडा ग्रुपवर जात नाही. मी नरसाळ्याचं झाकण काढून मामाला आतली पळी दाखवली. मापाने पाणी ओतलं, पळी टक टक करत कलंडली, मोबाईलवर आकडा आला. मामा डोळे बारीक करून बघत होता. "म्हनजे वल्लं व्हवालेच पाहिजे याले?" तो म्हणाला. मी म्हणाले, होय, भिजणं हेच याचं काम. यंत्र तपासणीतून काढून पुन्हा चालू केलं, आणि मी हत्यारं गाडीत ठेवून मामीकडे चहा घ्यायला गेले. आभाळ स्वच्छ निळं होतं.

अर्ध्या तासाने परत आले तर मामा यंत्रापाशी रिकामा तांब्या घेऊन उभा. स्वतःच्या हाताने एकदा खात्री करून घ्यावी म्हणून विहिरीवरून पाणी आणून त्याने ओतलं होतं. चांगला काठोकाठ भरलेला तांब्या. मी कपाळाला हात लावला, तेवढ्यात माझा फोन वाजला.

आई होती. धाप लागलेली, मागे बायांचा गलका. "निंघी उनूत वं," ती म्हणाली. "बठ्ठ्या निंघी उनूत. धोनं तठेच टाकी दिन्हं. म्हशी बी वर लिन्ह्या. आबा पोरेस्ले हाकली राह्यनात. कितला टाईम शे आते?"

तिच्याही डोक्यावर तेच ऊन असणार. आभाळात ढग नाही हे तिलाही दिसत असणार, सगळ्यांनाच दिसत असणार. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी म्हणाले, "माय, पाणी येत नाहीये. मामाने यंत्रात तांब्या ओतला."

आता ओरडा बसणार म्हणून मामाने मान खाली घातली होती. फोन मी स्पीकरवर घेतला होता. 

"बरं," ती म्हणाली, आणि हे 'बरं' रागाचं नव्हतं. "मंग भाऊले सांग, आमले पोचनं."